एका भिंतीचं स्वयंपाकघर

बाबांना ओट्याचं वेड लागलं ते एका साहेबांच्या क्वार्टरमुळे. बाबा बोईसरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी कुणी बोलावलं तर नळ बसवून देणं, मोटार उघडून बघणं असली किरकोळ कामंही करायचे. अशाच एका रविवारी ते कॉलनीत कुणा साहेबांकडे नळ बदलायला गेले आणि परत आले ते काहीतरी सापडल्यासारखा चेहरा घेऊन. एरवी बाबा घरात जेमतेम बोलायचे. त्या दिवशी हातपाय धुण्याआधीच त्यांनी आईला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. त्या घरातली बाई उभ्यानं स्वयंपाक करत होती. भिंतीला लागून कमरेइतका उंच दगडी ओटा होता, आणि तो कोपऱ्यात संपत नव्हता, तिथून वळून दुसऱ्या भिंतीला जात होता. हे वळण बाबांना शब्दांत सांगता येईना, म्हणून त्यांनी आपला उजवा हात पुढे धरून कोपरात दुमडून दाखवला. "असा," ते म्हणाले. "हितं गॅस, हितं वळणावर खिडकी, खिडकीखाली नळ. वर लाकडी कपाटं, कपाटांना झाकणं. बाई उभ्या जागी नुसती वळते, की सगळं हाताशी हाय." आई तांदूळ निवडत होती. ती ऐकून घेत होती आणि खडे वेचून बाजूला टाकत होती. नंतर कित्येक दिवस बाबा कुणी घरी आलं की हात दुमडून तो ओटा दाखवत.

बोईसरजवळच्या पाम गावात तेव्हा आमचं घर कुडाचं होतं. शेणामातीनं लिंपलेल्या कारव्यांच्या भिंती, वर नळीची कौलं. मागच्या पडवीत स्वयंपाक व्हायचा. तिथे खिडकी नव्हती. धूर कौलांतून वाट काढून जायचा आणि जायच्या आधी आईच्या छातीत एक फेरी मारून यायचा. पहाटे चूल पेटली की तिचा खोकला सुरू होई. बाबा तेव्हा ओटीवर पहिल्या पाळीसाठी डबा होण्याची वाट बघत बसलेले असत. खोकला आला की ते उठत, पडवीच्या दारापर्यंत जात, आणि तिथे करण्यासारखं काहीच नसल्यामुळे परत येऊन बसत. हे मी लहानपणापासून बघितलं होतं. त्यामुळे पक्कं घर बांधायचं ठरलं तेव्हा बाबांनी पहिल्यांदा ठरवलं ते स्वयंपाकघर. बाकीच्या खोल्या त्याच्याभोवती जमतील तशा जमल्या असत्या तरी त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

शिमगा झाला आणि जुनं घर उतरवलं. आम्ही मागच्या वाडीत, चिकूच्या झाडांखाली, झावळ्यांच्या मांडवात राहायला गेलो. माझी मॅट्रिकची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. विटांवर आणि नव्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं. त्या उन्हाळ्याचे आवाज मला अजून ऐकू येतात. वाळूत फावडं घुसल्याचा खरखरीत आवाज, विटेवर थापीचा ठोका, कारखान्याचा भोंगा, आणि दुपारी सगळं थांबलं की चिकूत कुठेतरी बसून टुक टुक करणारा तांबट पक्षी. आई म्हणायची, मिस्त्री जेवायला बसले तरी यांचं काम चालूच. मांडवात तीन विटांची चूल होती. तिच्यावर कैरी घातलेली सुकट शिजायची, तांदळाची भाकरी फुगायची. कधी दुपारच्याला बाबा कामावरून येताना ताडगोळे आणत, ते आम्ही सोलून पाण्यात टाकून ठेवायचो. भाताला थोडी सिमेंटची चव लागायची. पण उघड्यावर शिजत असल्यामुळे आईचा खोकला मात्र त्या उन्हाळ्यात जवळजवळ थांबला, आणि बाबांना वाटलं की आपण बरोबर मार्गाला लागलो आहोत.

बांधकामाला रामसुमेर मिस्त्री होते. उत्तरेकडून येऊन बोईसरला स्थायिक झालेले, उंच, संथ. त्यांना मराठी येत नव्हती आणि आईला हिंदी. पण दोघांचं कधी काही अडल्याचं मला आठवत नाही. ते "भाभी" म्हणून हाक मारत, ती चहा पुढे करी.

जोत्याची भरणी झाली आणि एका सकाळी बाबांनी चुन्याच्या फक्कीनं स्वयंपाकघर आखलं. ओट्याची पांढरी रेघ भिंतीबरोबर गेली आणि कोपऱ्यात वळली. त्यांनी आम्हाला बोलावून दाखवलं. मला ते फार आवडलं. शाळेतल्या मैत्रिणींना मी आधीच सांगून ठेवलं होतं की आमचा ओटा कॉलनीसारखा असणार आहे. आई त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मला वाकडा ओटा नको. एका भिंतीला सरळ करा."

बाबांना वाटलं तिला नीट समजलं नाही. त्यांनी परत हात दुमडून दाखवला. आई म्हणाली की समजलं. तिला एकाच भिंतीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओटा हवा होता. दार भिंतीच्या एका टोकाला हवं होतं, मध्ये नको. स्वयंपाकघराला उंबरा नको. वर झाकणांची कपाटं तर अजिबात नकोत, उघड्या फळ्या हव्यात. आणि समोरच्या भिंतीला काहीही ठेवायचं नाही, ती मोकळी सोडायची. का, असं बाबांनी विचारलं. "मला बरं पडंल," एवढंच ती म्हणाली. आई तशी हट्टी नव्हती. लग्नाच्या साड्यासुद्धा तिनं कुणी बोट दाखवलं त्याच घेतल्या होत्या असं आत्या सांगायची. त्यामुळे हा हट्ट कुठून आला ते कुणालाच कळेना.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती माकुणसारला दिलेली होती, लवकर विधवा झाली होती आणि भावाच्या घराच्या बांधकामावर देखरेख करणं हे आपलंच काम आहे असं तिनं धरून ठेवलं होतं. दर थोड्या दिवसांनी केळीचा फणा आणि माठाची जुडी घेऊन ती यायची, कंबरेवर हात ठेवून सगळ्या भिंतींवरून नजर फिरवायची आणि काहीतरी चूक काढून मगच चहा घ्यायची. तिनं सरळ भावाची बाजू घेतली. सरळ ओटा काय, तो हल्ली सगळ्यांकडेच असतो. भावाला हौस आहे, बायकोला सुखात ठेवायची इच्छा आहे, तर हिनं मोडता का घालावा? हे ती आईसमोरच बोलली. आईनं तिच्या पानात अजून भात वाढला.

बाबांचं रागावणं वेगळं होतं. ते आवाज चढवत नसत. आपली हत्यारांची पेटी उघडून बसत आणि एकेक पाना तेलाच्या फडक्यानं पुसत. त्या दिवसांत ती पेटी रोज उघडली जात होती. ओट्याचा कडाप्पा दगड आला, दोन मोठे तुकडे, काटकोनात जोडायचे. ते मांडवाशेजारी उभे करून ठेवले होते. जेवताना बाबांची पाठ त्यांच्याकडे असे आणि आईचं तोंड. कुणी त्यांचा विषय काढत नसे.

आता मागे वळून बघताना सगळं किती उघड होतं असं वाटतं, पण तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही. आई मांडवात बादलीला अडखळायची. विटांच्या थप्पीवर तिचा पाय आपटायचा. दिवेलागण झाली की ती मांडवाबाहेर पडत नसे, काही आणायचं असलं की मला पाठवी. आम्ही म्हणायचो, जागा नवी आहे, पसारा पडला आहे, चपला झिजल्या आहेत. आणि तिच्या डोळ्यांबद्दल शंका यावी तरी कशी? सुईत दोरा ती एका झटक्यात ओवायची. तांदळातला तांदळाएवढाच पांढरा खडा तिला दिसायचा, मला दिसत नसे.

एका दुपारी मिस्त्री आणि त्यांची माणसं चिकूखाली आडवी झाली होती. मी भिंतींवर पाणी मारायला बादली घेऊन गेले. घराला अजून छप्पर नव्हतं. भिंती पुरुषभर उंच आल्या होत्या आणि आत ऊन भरलं होतं. स्वयंपाकघरात आई एकटी होती. तिनं डोळे घट्ट मिटले होते. डावा तळहात भिंतीला लावून ती सावकाश पुढे सरकत होती आणि उजव्या हातानं नसलेल्या ओट्यावर नसलेली भांडी ठेवत होती. ओठ हलत होते. हितं पाणी. हितं चिरायचं. हितं मीठ, मसाला. मग परत दारापर्यंत यायची आणि पुन्हा सुरू करायची. एकदा ती तशीच भिंतीच्या टोकाला गेली, जिथे बाबांच्या आखणीप्रमाणे ओटा वळणार होता. तिथे खिडकीसाठी सोडलेल्या जागेपाशी तिचा हात भिंतीवरून सुटला आणि हवेत राहिला. ती तशीच उभी राहिली. मग तिनं डोळे उघडले. मी तिच्या बाजूला, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर उभी होते, आणि ती मला बघत नव्हती.

"आई," मी म्हटलं.

ती दचकली. "मंगल? कुठं हायस?"

भर दुपार होती. मी पुढे जाऊन तिच्यासमोर उभी राहिले, तेव्हा तिची नजर मला सापडली. मग तिथेच, वाळूच्या ढिगावर बसून, तिनं मला सांगितलं. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हापासून तिला रात्रीचं दिसेनासं झालं होतं. मग हळूहळू बाजूचं जायला लागलं. आता समोरचं दिसत होतं, अगदी स्वच्छ दिसत होतं, पण नळीतून बघावं तेवढंच. तिच्या वडिलांचं असंच झालं होतं. ते घिवलीला राहायचे, हाताखाली चार माणसं घेऊन होड्या बांधायचे. डोळे अधू झाल्याचं कळल्यावर घरच्यांनी प्रेमानंच त्यांना ओटीवर बसवलं. तुम्ही काही करू नका म्हणाले. पाणी हातात, ताट हातात. त्या माणसाच्या हातांना लाकूड कळत होतं, पण त्यांच्या हातात परत कुणी लाकूड दिलं नाही. "ते डोळ्यानं नाय गेले," आई म्हणाली. "बसून बसून गेले." आणि मग तिनं मला ओट्याचं कारण सांगितलं. "भिंत सरळ असली की हात सांगतो कुठं आलो ते. कोपरा आला की मी हरवते."

तिनं मला कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं नाही, आणि मला सांगायची वेळही आली नाही. दुसऱ्याच सकाळी रामसुमेर मिस्त्रींनी ओट्याखालच्या विटा लावायला घेतल्या. बाबांची दुसरी पाळी होती, ते तिथेच उभे होते. पहिल्या भिंतीचं काम झालं आणि मिस्त्रींनी कोपऱ्यात सुतळी वळवली. आई मांडवातून आली. हात पिठाचे होते. तिनं मिस्त्रींना थांबायची खूण केली. बाबा म्हणाले की आता पुरे, दगड येऊन पडला आहे, आता बदल नाही. मी त्यांना तिच्याशी इतक्या तुटक आवाजात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

आई त्यांना म्हणाली, "तुमी माज्या उजव्या अंगाला उभे राहा."

बाबा राहिले. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"आता हात वर करा."

बाबांनी हात वर केला.

"तुमचा हात मला दिसत नाय," आई म्हणाली. "तुमीपण दिसत नाय. आवाज येतोय म्हणून तुमी हाय."

बाबांचा हात तसाच वर राहिला. मिस्त्रींना शब्द कळले नसतील, पण त्यांनी थापी खाली ठेवली आणि आपल्या माणसांना घेऊन ते पाणी प्यायला बाहेर गेले. बाबांनी विचारलं, कधीपासून. तिनं सांगितलं. इतकी वर्षं का नाही बोललीस, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी मला चुलीजवळ जाऊ दिलं असतं?" नसतं जाऊ दिलं, हे तिघांनाही माहीत होतं. बाबा विटांच्या अर्ध्या रचलेल्या आधारावर बसले. त्या दिवशी ते पाळीला गेले नाहीत.

मग डॉक्टर सुरू झाले. आधी पालघरचे, नंतर त्यांनी पाठवलं म्हणून मुंबईचं मोठं इस्पितळ. डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, उजेड टाकून बघितलं. डॉक्टरीण तरुण होती आणि तिला वाईट वाटत होतं. तिनं सांगितलं ते आईला घिवलीच्या ओटीवरच कळलं होतं. डोळ्याच्या मागचा पडदा सुकत जातो, त्यावर औषध नाही, किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. बाहेर आल्यावर बाबा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. आईनंच त्यांना सांगितलं की चला, भूक लागली आहे.

आत्याला कळलं तेव्हा ती धाय मोकलून रडली, आईला जवळ घेतलं, आणि मग पदरानं डोळे पुसून लगेच व्यवस्था लावायला बसली. आता हिनं विस्तवाजवळ जायचं नाही. मंगल हाय की. मॅट्रिक झाली, पुरे झालं. तिनं आता सैपाक सांभाळावा, पुढं तिचं लगीन होईपर्यंत कुणीतरी बघू. ती हे मायेनंच बोलत होती, माझ्या पाठीवर हात फिरवत. मला मात्र पालघरच्या कॉलेजात जायचं होतं आणि ते मी कुणाला धड सांगितलंही नव्हतं. बाबांना बहिणीचं म्हणणं पटत होतं की काय, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

आई म्हणाली, "वन्सं, मंगल कॉलेजला जाणार. सैपाक माजा मीच करणार. फक्त मला सरळ ओटा द्या."

आत्यानं बाबांकडे बघितलं. बाबा उठले आणि सुतळी घेऊन घराकडे गेले.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या मांडवात जे चाललं होतं ते बघून शेजारच्यांना नक्की काय वाटलं असेल कोण जाणे. बाबांनी रजा काढली. एका सकाळी त्यांनी आपला पंचा घेतला, डोळ्यांवर घट्ट बांधला आणि चुलीसमोर बसून म्हणाले, सांग, भात कसा करायचा. आईनं आधी नको नको केलं. मग सांगू लागली. बाबांनी तांदूळ धुतले आणि निम्मे पाण्याबरोबर ओतून दिले. मीठ म्हणून सोडा घातला. तपेल्याचा कान शोधताना बोट भाजलं. भांडं उतरवून ठेवलं ते चुलीशेजारच्या चपलेवर. रामसुमेर मिस्त्री काम सोडून मांडवाच्या खांबाला टेकून हसत होते. आई आधी तोंडाला पदर लावून बसली होती, मग तिला आवरेना. हसता हसता ती मागे झुकली आणि बाबा पट्टी बांधलेलं तोंड तिच्या हसण्याच्या दिशेला वळवून विचारत होते, "काय झालं? आता काय सांडलं?"

पण त्यातून ते शिकले. रोज काहीतरी करून बघायचे, आणि रोज संध्याकाळी दोघं त्या उघड्या स्वयंपाकघरात उभं राहून बोलायचे. मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ती सांगायची, ते करून बघायचे, मग ते सुचवायचे आणि ती हसून नाही म्हणायची. ओटा एका भिंतीला सरळ गेला. दारातून आत आलं की काम ज्या क्रमानं होतं त्याच क्रमानं जागा लागल्या. आधी पाण्याचा माठ, मग नळ आणि धुवायची जागा, मग चिरायची, मग गॅस, आणि शेवटी शिजलेलं उतरवून ठेवायची. मागे फिरायचं म्हणून नाही. ओट्याच्या पुढच्या कडेला बाबांनी बोटभर उंचीची दगडी पट्टी बसवायला सांगितली, म्हणजे भांडं सरकून खाली येणार नाही. मिस्त्री म्हणाले, "भैया, ऐसा कोई नहीं बनाता, पानी कहाँ से जाएगा?" मग दोघांनी मिळून नळाकडे उतार काढला. कडेखाली बाबांनी कारखान्यातल्यासारखा एक पाइप आडवा बसवला, धरून चालायला. त्याला डाव, पळी, झारा यांचे आकडे, प्रत्येकाची जागा ठरलेली. गॅस जिथे सुरू होतो तिथे दगडाच्या कडेवर छिन्नीनं एक खाच पाडली. आणि गॅससमोरच्या जमिनीत खडबडीत फरशीची एक पट्टी घातली, पायाला कळावं म्हणून. ही शेवटची कल्पना आईची. हात कामात असतात, ती म्हणाली, पाय मोकळे असतात.

कडाप्प्याचा उरलेला तुकडा मागच्या दारी, चिकूखाली बसवला. आई त्याच्यावर मासे साफ करायची.

मध्यंतरी माझ्या मुलानं बोईसरचा फ्लॅट नव्यानं करायला घेतला, तेव्हा सून मला स्वयंपाकघरांच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या मुलीनं पडद्यावर एकेक नमुना फिरवून दाखवला. इंग्रजी एलसारखं, यूसारखं, समोरासमोर दोन ओट्यांचं, मध्ये बेट असलेलं. एका भिंतीचं सगळ्यात शेवटी आलं, आणि ते जागा कमी असेल तर घ्यायचं असतं असं तिनं आम्हाला समजावलं. सुनेनं वळणारा ओटा निवडला आणि तो तिला शोभतोही. बाबांनी बघितला असता तर खूश झाले असते. मी तिला फक्त एवढंच विचारलं की तू स्वयंपाक करताना कुठल्या हाताला जास्त वळतेस. ती विचारात पडली आणि मग घरी येऊन रिकाम्या जागेत उभी राहून खरंच वळून बघू लागली.

मी पालघरला कॉलेजात गेले, पुढे शिक्षिका झाले, लग्न होऊन बोईसरला आले. आईची दृष्टी त्यानंतर बरीच वर्षं टिकली आणि मग एका हिवाळ्यात पूर्ण गेली. तोवर ती त्या ओट्यावर इतकी रुळली होती की नेमकी कधी गेली ते आम्हाला तिनं सांगितल्यावरच कळलं. सुट्टीला आम्ही पामला गेलो की माझी मुलं तिच्या हातचं घावन खात खात ओट्याखालच्या पाइपला लोंबकळायची आणि ती त्यांना ओरडायची. माझ्या आठवणीत ती त्या घरी कधी नुसती बसलेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या उन्हाळ्याच्या शेवटाचं. पावसाच्या तोंडावर कौलं चढली आणि आम्ही घरात आलो. पूजेचा दिवस पाहुण्यांचा होता. दूध उतू जाऊ दिलं, वालाचं बिरडं आणि खीर मागच्या मांडवातल्या चुलीवर झाली, आत्यानं सगळ्यांना घर दाखवलं आणि ओटा सरळ का आहे ते कुणी विचारलं तर हल्ली असाच करतात असं ठासून सांगितलं. आमचं आमचं घर सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी. सकाळी घिवलीची मासेवाली आली. आईनं करली घेतली. करली म्हणजे चवीला राजा आणि आत नुसते केसासारखे काटे. बाबा म्हणाले, आज पहिल्या दिवशी दुसरं काहीतरी साधं घे. आईनं ऐकलं नाही.

ती पहिल्यांदाच उभ्यानं स्वयंपाक करत होती. पदर खोचलेला, डावा हात अधूनमधून पाइपवर. गॅसचा जाळ निळा होता आणि धूर नव्हता. बाबा दारात उभे होते, आत यावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. आई मागे न वळता म्हणाली, "दारात कशाला ताटकळताय? पाट मांडा." त्यांनी समोरच्या मोकळ्या भिंतीशी पाट मांडले. आम्ही जेवायला बसलो. पूजेनंतर राहिलेल्या आत्यानं कालवणाचा पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि बोट चाटून म्हणाली की मीठ बरोबर हाय. तिच्या तोंडून याहून जास्त कधी कुणी ऐकलं नव्हतं.

मग आई बसली. तेव्हा बाबांनी केलं ते मी आमच्या घरात त्याआधी पाहिलं नव्हतं. ते उठले आणि त्यांनी तिचं ताट वाढलं. ते तिच्यासमोर आणून ठेवलं आणि ओट्यावरच्या खिडकीकडे पाठ करून, वाकून, हळू आवाजात तिला सांगू लागले, भाकरी डाव्या हाताला हाय, भात समोर, कालवणाची वाटी उजवीकडे, तिच्यात करलीचा तुकडा हाय, काटे हायेत, सांभाळून. आत्या खाली बघत होती. मीही बघत होते खालीच. आईनं त्यांना सगळं सांगून होऊ दिलं.

"अवो," मग ती म्हणाली, "मला अजून दिसतंय. तुमी जरा बाजूला व्हा, उजेड अडवलाय तुमी."

बाबा बाजूला झाले. खिडकीतलं ऊन तिच्या ताटात आलं. तिनं तुकडा उलटवला, मान वाकवून बघितला, आणि एकेक काटा चिमटीत धरून ताटाच्या कडेला लावून ठेवू लागली. बाबा तिच्या शेजारी जमिनीवरच बसले. तिनं पहिला साफ केलेला घास त्यांच्या हातावर ठेवला, आणि दुसरा आपण खाल्ला.